देवीसाठी धरलेलं मौन

मी जनावरांचा व्यापार करतो. लोक शेळी घेताना शेळी बघतात, मी आधी तिच्या आईची चौकशी करतो. आई जुळी करडं द्यायची का, दुधाला कशी होती, तिचं एखादं सड जन्मापासून बंद तर नव्हतं ना. विकणारा वैतागतो. म्हणतो, आईचं काय घेऊन बसलात, ही समोर उभी आहे ती बघा की. असं कुणी म्हणालं की मी उपरणं झटकून पुढं चालू लागतो, कारण आईत काहीतरी असल्याशिवाय माणूस असं बोलत नाही. आमच्याकडच्या काळ्या शेळीला हैदराबादपर्यंत मागणी आहे ती जुळ्या करडांसाठी, आणि जुळं देण्याचा गुण आईकडून लेकीत उतरतो. बंद सडही तसंच उतरतं. हे मला शाळेनं शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर एका दोरीला दोन शेळ्या धरून मी बाजारात उभा राहिलो आणि बाजारानं शिकवलं. आज उमरग्यात हायवेला लागून माझं घर आहे, दारात स्वतःचा ट्रक आहे, आणि मला फसवलं असं सांगणारा माणूस चार तालुक्यांत सापडणार नाही.

एकच सापडेल. जळकोटला.

मी मुलगी बघायला जळकोटला गेलो तेव्हा माझ्याबरोबर चुलते होते. बैठक झाली. कूळ विचारलं, देवक विचारलं, जमीन किती, भाऊबंद कुठं कुठं. वडिलांकडचं सगळं खणून काढायचं आणि आईकडचं फक्त मामाचं गाव विचारून सोडून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मीही तसंच केलं. शेळीच्या आईची चौकशी करणारा मी, बायकोच्या आईबद्दल एक शब्द विचारला नाही.

आणि ती तर समोरच बसली होती. दाराशी, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून. माझ्या चुलत्यांनी तिला दोनदा काही विचारलं, ती हात जोडून नुसती हसली. तेव्हा मुलीचा मोठा भाऊ पुढं सरकून म्हणाला, "आईनं मौन धरलंय. पोरीवर अक्षता पडस्तोवर बोलायचं न्हाय, असं तुळजापूरच्या देवीला बोललीय."

आमच्याकडं बायका मुलीच्या लग्नासाठी काय काय सोडतात. कुणी भात सोडतं, कुणी अनवाणी चालतं. बोलणं सोडलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. चुलते उठले आणि तिच्या पाया पडले. परत येताना मोटारसायकलवर मला म्हणाले, असल्या घरची पोरगी हातची घालवू नको. घालवली नाही. मुलगी मला आवडली होतीच. पोह्यांची बशी देताना तिनं माझ्याकडं सरळ बघितलं होतं.

अक्षता पडल्या. मांडवातल्या बायका सासूबाईंच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आता बोलतील म्हणून. भाऊ म्हणाला, मौन देवीपुढंच सोडणार. देवीपुढं जायला सवड झाली नाही. दिवाळीच्या आत सासूबाई गेल्या. गळ्याला सूज आली, ताप डोक्यात गेला, एवढं मला सांगण्यात आलं. मी मान डोलावली. त्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

पुढची वर्षं धंद्यात गेली. मी रागीट माणूस आहे. घरात शिरलो की पहिल्यांदा आवाज शिरायचा, मग मी. बायको मला ओरडून उत्तर द्यायची नाही. तळहात वर करायची, वाहन थांबवतात तसा, आणि मी थांबायचो. आम्हाला एकच मुलगी झाली. तिला शिकवायचं असं बायकोनं ठरवलं, मी फक्त फी भरली.

बायकोचं पोट कायम बिघडलेलं. प्रवासाला निघायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. जुलाब सुरू झाले की दोन-दोन आठवडे थांबायचे नाहीत. मधेच तोंड लाल व्हायचं, जशी चुलीसमोरून उठून आली आहे. उमरग्यात दवाखान्यांना काय कमी? एकानं सांगितलं आतड्याला सूज आहे, दुसऱ्यानं सांगितलं तिखट बंद करा. मीही सांगायचो, तिखट बंद कर. कोणी तिच्या गळ्याला हात लावून बघितलं नाही. पोटाचा आजार गळ्यात असतो हे कुणाच्या डोक्यात येईल?

गाठ दिसू लागली तेव्हा ती मंगळसूत्राच्या वाटीएवढी होती. आवाजही घोगरा झालेला. सोलापूरला सुई घालून तपासलं आणि त्यांनी हैदराबादला पाठवलं. तिथं दाखवायला मेहुणा, बायकोचा तोच मोठा भाऊ, आमच्याबरोबर आला होता. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई होत्या, हिंदीत बोलायच्या. कागद बघून झाल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, तुमच्या आईला किंवा वडलांना गळ्याचं असं काही होतं का?

बायकोचा आवाज तोवर नुसता श्वासासारखा झाला होता. तिनं भावाकडं बघितलं. त्यानं फरशीकडं. मग म्हणाला, "आईला व्हती गाठ. आवाज गेला व्हता तिचा."

मी उठलो नाही, ओरडलोही नाही. डॉक्टरीण बाई लिहीत राहिल्या. बाहेर आल्यावर मात्र मी मेहुण्याची कॉलर धरली. माणसं जमली. तो मार खायच्या तयारीनं उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, खरं सांगितलं असतं तर केली असती का माझी बहीण?"

मी कॉलर सोडली. याचं उत्तर त्यालाही माहीत होतं आणि मलाही. चुलते तिच्या पाया पडायच्या ऐवजी चप्पल घालून निघाले असते, मी त्यांच्या मागून. आणि मला ही बायको मिळाली नसती. राग त्यानं कमी झाला नाही. उलट त्याला जायला जागाच उरली नाही.

ऑपरेशन झालं. सगळं काढता आलं नाही, ते आवाजाच्या नसेभोवती गुंडाळलं होतं. त्यानंतर उरलेला श्वासासारखा आवाजही गेला.

डॉक्टरीण बाईंनी मला बसवून समजावलं. थायरॉईडच्या कॅन्सरचे प्रकार आहेत. बहुतेक प्रकार घराण्यातून येत नाहीत, हा प्रकारही बऱ्याच जणांना आपला आपण होतो. पण काही घरांत तो रक्तातून उतरतो. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, आई-बापाकडून आलेली. त्यातलं एक जनुक पेशीला वाढ म्हणून सांगतं आणि पुरे झालं की गप्प बसतं. त्या जनुकात एका जागी बिघाड असला तर ते गप्प बसतच नाही, बटण दाबलेलंच राहतं. थायरॉईडमधल्या एका जातीच्या पेशी मग वाढत सुटतात. बायकोचं रक्त त्यांनी तपासायला पाठवलं होतं, बिघाड सापडला होता. तो तिला जन्मापासून होता. विहिरीच्या पाण्याचा, मिठाचा, तिखटाचा काही संबंध नव्हता.

मी विचारलं, माझ्या मुलीला?

त्या म्हणाल्या, निम्मी शक्यता. आईकडं त्या जनुकाच्या दोन प्रती, एक चांगली आणि एक बिघडलेली. मुलीला त्यातली एक मिळते. कुठली, ते रक्त तपासल्यावर कळेल.

जन्मभर मी भाव पाडत आलोय. त्या खुर्चीवरही मी तेच केलं. म्हणालो, बाई, एकच लेकरू आहे, दोन असती तर एकाला एक दिलं असतं. एकाच लेकरावर निम्मं म्हणजे लई झालं. काही कमी करा. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, यात मला कमी करता येत नाही, भाऊ. चार मुलं असली तरी प्रत्येकाचं निम्मं वेगळंच असतं. पण तिला असेल आणि लवकर कळलं, तर ग्रंथी आधीच काढून टाकता येते. तुमच्या बायकोच्या बाबतीत आपल्याला ती संधीच मिळाली नाही.

बायकोला घरी आणलं. तिला लिहायचा कंटाळा, पाटी आणून दिली तर ती बाजूला सारायची. मग मी तिला बाजारातली बोटं शिकवली. आमचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. एक बोट, दोन बोटं, पेराशी दाबलं की अर्धं. भाव पटला नाही की हात काढून घ्यायचा. हात हातात राहिला म्हणजे पटलं. आम्ही त्यात आमचं भरलं. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, पूर्ण पंजा म्हणजे मुलीला बोलाव. मुलगी सोलापूरला कॉलेजात होती, ती सुट्टी घेऊन आली होती. पलंगाच्या पायथ्याशी बसून बघायची. दोन दिवसांत तिलाही सगळी बोटं आली. एकदा म्हणाली, "पप्पा, आई आता तुमच्याशी घासाघीस करायला लागली." बायको हसली. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

एक प्रश्न मनातून जात नव्हता. विचारू नये हे कळत होतं. एका दुपारी मुलगी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चादरीखाली बायकोचा हात हातात घेतला आणि हळू विचारलं, "मी बघायला आलो तेव्हा तुझ्या आईचं मौन देवीचं नव्हतं. तुला माहीत होतं?"

मी वाट बघितली ती तिनं हात काढून घेण्याची. तिनं तो काढला नाही, म्हणजे तिला माहीत होतं. माझ्या हातात तसाच ठेवला, डोळेही माझ्याकडंच, बशी देताना होते तसे. मग दुसऱ्या हाताचं बोट उचलून तिनं खिडकीकडं, मुलीकडं दाखवलं.

त्या वेळी मला वाटलं, पोरीसमोर नको, असं म्हणते आहे. बायको गेल्यावर कळलं की ती म्हणत होती, माझं झालं, आता हिचं बघा.

बायको मार्गशीर्षात गेली. मेहुण्याचं मी तोंड बघणार नव्हतो. पण तो आला, आणि येताना स्थळ घेऊन आला. तुळजापूरकडचं घर, वडील शिक्षक, मुलाला कायमची नोकरी. वर्षाच्या आत लग्न करून टाकावं, घर मोकळं वाटतंय, असं म्हणाला. मी सांगितलं, पोरीचं रक्त तपासायचंय. तो चहा ढवळत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अक्षता पडू द्या, मग तपासा. रिपोर्टच न्हाय तर खोटं बोलायचा सवालच येत न्हाय, दाजी."

मला कबूल करावं लागतं, युक्तिवाद पक्का होता. बैलाचे दात मी बघितलेच नाहीत, मग वय लपवलं कसं म्हणता? बाजारात असं बोलणारा माणूस मी शहाणा म्हणून ओळखला असता. हातातला कप मी भिंतीवर फेकला. आतून मुलगी आली. तिनं आधी कपाचे तुकडे वेचले, मग ओढणी खांद्यावर नीट करत मामाला म्हणाली, "मामा, रक्त माझं आहे. आणि तुम्हीबी तपासून घ्या, आज्जी तुमचीबी आईच व्हती." मामा हसल्यासारखा झाला. त्याला काही होत नाही, असं म्हणून उठला. निघताना शर्टाचं वरचं बटण लावत होता, ते मी पाहिलं.

रिपोर्टमध्ये बिघाड निघाला. मी शेवटपर्यंत दुसऱ्या निम्म्यावर बोली लावून बसलो होतो. मुलगी माझ्यासारखी रागीट आहे, नाक माझं आहे, हिशेबाला माझ्याइतकी चोख आहे. इतकं माझं घेतलं होतं तिनं, हे एवढंही माझंच घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

ऑपरेशनआधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तपासल्या, त्याच बिघाडानं तिथंही गाठी होऊ शकतात म्हणे. तिथं काही नव्हतं. मग गळा उघडला आणि थायरॉईड पूर्ण काढला. आत डाळीच्या दाण्याएवढा कॅन्सर बसलेला होता, बाहेर कुठं गेलेला नव्हता. वेळेत आलात, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. जन्मभर तपासण्या आणि रोज सकाळी उपाशी पोटी एक गोळी. आवाजाची नस वाचवली आहे, पण ती बोलेपर्यंत मी काही सांगत नाही, असंही म्हणाल्या.

मी पलंगाशी उभा राहिलो. मुलीनं डोळे उघडले आणि चादरीखालून हात काढून एक बोट वर केलं. मी तिच्या गळ्यावरच्या पट्टीकडं बघितलं. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं बोट खाली घेतलं आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "पाणी." मी नर्सला बोलावून बाहेर गेलो आणि जिन्यावर बसलो. तिला आवाज होता, आणि ती खूण ज्या बाईनं मला रोज केली ती बाई हे ऐकायला नव्हती.

तुळजापूरकर थांबले होते. गळ्याचं छोटं ऑपरेशन, एवढंच त्यांना मेहुण्यानं सांगितलं होतं. बघायला यायचा दिवस ठरला. मेहुणा सकाळीच ठुशी घेऊन हजर, आपल्या बायकोची. गळ्याला चपखल बसते, व्रण बरोबर तिच्याखाली जातो. मला म्हणाला, "थायरॉईड आता घरोघरी हाय. गोळी चालू हाय म्हणायचं. यात खोटं काय?"

मुलीनं ठुशी घातली. मी अडवलं नाही. खरं सांगतो, घालू दे असंच माझ्या मनात होतं. मुलगा चांगला होता. मोजकं बोलणारा. माझ्या मुलीनं चहा दिला तेव्हा त्यानं तिला, तुम्ही कुठल्या विषयात शिकता, असं विचारलं आणि तिचं उत्तर संपेपर्यंत कप तोंडाला लावला नाही. त्याच्या आईनं साडीचं कौतुक केलं. बोलणं लग्न कुठं करायचं इथवर आलं. मग मुलाचे वडील सहज म्हणाले, "आमच्या विहीणबाई कशानं गेल्या म्हणालात?"

आईची चौकशी. मी जी केली नव्हती.

मेहुणा तोंड उघडणार तेवढ्यात मी बोललो. सगळं सांगितलं. सासूबाईंपासून. पोरीला ती ठुशी काढ म्हणालो. तिनं काढली. आता तिला धोका कमी आहे, पण तपासण्या कायमच्या, हेही सांगितलं. आणि तिच्या प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. हे शेवटचं सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

शिक्षक भला माणूस होता. म्हणाले, खरं बोललात, याचं मोल आहे. घरी विचार करून कळवतो. जाताना मुलाच्या आईनं माझ्या पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि ती घाईनं पायऱ्या उतरली. मुलगा फाटकाशी एकदा थांबला, मग तोही गेला. त्यांच्याकडून निरोप आला नाही. त्या हात फिरवण्यावरूनच मला कळलं होतं. मोडलेल्या सौद्यातही चांगल्या जनावराच्या पाठीवर मी असाच हात फिरवतो.

मेहुणा ठुशी खिशात घालत म्हणाला, दारात आलेली सोयरीक हातानं घालवलीत. मी त्याला जा म्हणालो. तो गेला नाही. ओसरीवर बसून राहिला, मग गळ्यावरून हात फिरवत त्यानं विचारलं, रक्ताचं ते हैदराबादलाच करायचं का सोलापूरलाबी होतं? मी म्हणालो, सोलापूरला चौकशी कर. हैदराबादनंतर त्याच्याशी मी रागाशिवाय बोललेलं हे पहिलं वाक्य असेल. माफ केलेलं नाही.

तो गेल्यावर मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. व्रणाजवळची कातडी ठुशीनं लाल झाली होती. तिथं तिनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई असती तर तिनं सांगितलं असतं का?"

"सांगितलं असतं," मी म्हणालो. "तिनं माझ्यापासून कधी काही लपवलं नाही."

तिनं माझ्या मांडीवरचं उपरणं उचललं आणि त्याच्याखालून माझा हात धरला. पलंगाच्या पायथ्याशी बसून ती सगळी बोटं शिकली होती. कुठली बोटं काय म्हणतात, आणि हात काढून घेतला की काय. ती माझ्याकडं बघत थांबली.

बाजारात मी तोंडानं काय वाटेल ते बोलतो. उपरण्याखालच्या हातानं खोटा सौदा केला असं मात्र त्या दिवसापर्यंत कुणी म्हणू शकलं नसतं. मी हात काढून घेतला नाही. होता तसा तिच्या हातात ठेवला.

तिला तो खरा वाटला की नाही, ते तिनं दाखवलं नाही. थोड्या वेळानं तिनंच हात सोडला आणि पाहुण्यांचे कप उचलू लागली. एका कपात चहा तसाच राहिला होता, मुलाच्या आईच्या. तो तिनं मोरीत ओतला.